खानापूर रस्त्यावरच्या रोपवाटिका: देशी झाड मागितलं तर देशीच मिळतं का?

बेळगावहून खानापूरकडं, जांबोटीकडं किंवा वेंगुर्ला रस्त्यानं चंदगडच्या बाजूला निघालं की मिरगाच्या सुमारास रस्त्याकडेला हिरव्या जाळीच्या शेड दिसायला लागतात. पुढं गुलाब, जास्वंद, क्रोटॉन. त्यामागं नारळ, आंबा, चिकू. आणि अगदी कडेला, बहुतेक वेळा गवतात बुडालेली एक रांग, जिला नर्सरीवाले सरसकट 'जंगली' म्हणतात. हे परीक्षण त्या कडेच्या रांगेचं आहे. कुठल्याही एका नर्सरीचं नाव घेतलेलं नाही, कारण गुण आणि खोड्या थोड्याफार फरकानं सगळीकडं त्याच आहेत.

या रांगेपाशी येणारं गिऱ्हाईक वेगळं असतं. त्याला 'एखादं झाड' नको असतं, ठरावीक झाड हवं असतं. देवळाच्या कमिटीला बेल आणि शमी हवी असते, नव्या वास्तूला सीता अशोक, दसऱ्याला दारातला आपटा, वडिलांच्या नावानं शेताच्या बांधावर जांभूळ. हलशीच्या आसपासच्या गावात कदंबाची मागणी होते, कारण कदंब राजांची बनवासीनंतरची दुसरी राजधानी तिथलीच. अशा वेळी चुकीचं झाड हातात पडलं तर ते कळायला पाच-सात वर्षं जातात. तोवर पार बांधून झालेला असतो, पाटी लागलेली असते, आणि झाड तोडायला कुणाचा हात होत नाही.

आधीच सांगायचं तर फळझाडांची कलमं या भागात चांगली मिळतात, पैसे वसूल. रानातल्या झाडांची जात बहुधा बरोबर असते, पण मुळं खराब असतात. आणि देवाधर्माच्या झाडांत नावाचा गोंधळ इतका आहे की पान स्वतः बघितल्याशिवाय काही घेऊच नये.

अशोकापासून सुरुवात करू. 'अशोक' म्हटलं की दहातले नऊ वेळा उंच, सरळ, कंपाउंडला लावतात तो हिरवा अशोक पुढं येतो. त्याचं पान सुटं, लांबट आणि कडा लाटांसारखी. सीता अशोकाचं पान संयुक्त असतं: एका दांड्याला चार ते सहा जोड्या पानं, कडा सपाट. कोवळी पालवी तांबूस आणि लुळी, कोमेजल्यासारखी खाली लोंबते. पालवी फुटलेली असेल तर चुकण्याचं कारणच नाही. पावतीवर 'साराका असोका' असं शास्त्रीय नाव लिहून मागितलं की विकणारा एकदा तरी थांबून विचार करतो. हे झाड मूळचं घाटातल्या ओढ्याकाठचं, सावलीतलं. नर्सरीत उन्हात ठेवलेल्या रोपाची पानं कडेनं करपलेली असतात. त्यानं रोप मरत नाही, पण लावताना पहिली दोन वर्षं पश्चिमेचं ऊन अडवायला लागतं.

आपट्याच्या बाबतीत लबाडीपेक्षा अज्ञान जास्त. कांचनाचं पानही आपट्यासारखंच दोन भागांत दुभंगलेलं, म्हणून कांचनाचंच रोप आपटा म्हणून जातं. "पान तेच की ओ!" असं उत्तर मिळतं. तेच नसतं. आपट्याचं पान लहान, जाड, चिवट आणि लांबीपेक्षा रुंदी जास्त. बोटांनी दुमडलं तर कडक लागतं. कांचनाचं पान तळव्याएवढं होतं, पातळ असतं, आणि फूल गुलाबी-जांभळं, मोठं. आपट्याची फुलं बारीक, फिकट पिवळसर. मोठा आपटा काळ्या, खडबडीत, वेड्यावाकड्या खोडाचा असतो, नर्सरीतलं रोपही सरळ वाढत नाही. त्यामुळं सरळसोट, तजेलदार 'आपटा' दिसला की संशय घ्यावा. दसऱ्याला ज्यांच्या घरी आपट्याबरोबर बन्नीही (म्हणजे शमी) देवाणघेवाणीला लागते, त्यांच्यासाठी शमीची गोष्ट आणखी अवघड आहे. शमी म्हणून सर्रास सिगमकाठी विकली जाते. दोन्हींची पानं बारीक, चिंचेसारखी. पण सिगमकाठीच्या आखूड फांदीचं टोकच काट्यात संपतं, आणि फुलाचा तुरा अर्धा गुलाबी, अर्धा पिवळा. खऱ्या शमीचे काटे लहान, सरळ, फांदीवर विखुरलेले असतात, आणि तुरा नुसता पिवळसर. फुलं नसताना काट्यांवरून ओळखायचं.

नागचाफा मागितला तर तीन वेगळी झाडं मिळू शकतात. एक, फण्यासारख्या पानाचा, पान तोडलं की चीक येणारा पांढरा चाफा, जो हल्ली प्रत्येक बंगल्यासमोर आहे. दोन, कैलासपती, ज्याच्या फुलात पिंडीवर फणा धरल्यासारखा आकार दिसतो. तीन, नागकेशर, म्हणजे मूळचा नागचाफा: अरुंद पान, खालून पांढुरकी झाक, लालभडक पालवी आणि अतिशय सावकाश वाढ. गुडघ्याएवढं नागकेशर करायलाच नर्सरीवाल्याची दोन-तीन वर्षं जातात, म्हणून ते महाग, आणि ते महाग असणं रास्त आहे. कैलासपतीबद्दल एक इशारा. झाड दक्षिण अमेरिकेचं, पण शंकराच्या देवळात आता ते आपलंच झालंय, त्याबद्दल तक्रार नाही. फक्त त्याची फळं तोफगोळ्याएवढी होतात आणि खोडावरून सुटून धाडकन पडतात, त्यामुळं प्रदक्षिणेच्या वाटेवर, नळाच्या कट्ट्याजवळ किंवा शाळेच्या मैदानात ते लावू नये. फळ फुटल्यावर वासही घाण येतो.

कदंब आणि कळंब ही जोडी त्यामानानं सोपी. कदंबाचं पान वीतभर ते दीड वीत लांब, चेंडूसारखं फूल केशरी आणि लिंबाएवढं. कळंबाचं पान लहान, गोलसर, फूल त्याच्या निम्म्यानं. दोन्ही आपलीच, दोन्ही चांगली, पण कदंबाला पाणी लागतं आणि कळंब कोरड्यात टिकतो. गोकाकच्या बाजूला कदंब मागणाऱ्याला कळंब मिळाला, तर झाडाच्या दृष्टीनं ती चूक फायद्याचीच.

वड मात्र विकत घेऊच नका. वटपौर्णिमेच्या आधी कुंड्यांमधून वडाची रोपं मांडलेली असतात, आणि ती घेणं म्हणजे पैसे पाण्यात. पाऊस लागल्यावर मनगटाएवढ्या जाडीची, सहा-सात फुटी सरळ फांदी कापायची, पानं काढून टाकायची, वरच्या कापलेल्या तोंडाला शेण आणि चिकणमातीचा लेप द्यायचा आणि दीड-दोन फूट खोल पुरून माती पायानं घट्ट दाबायची. वाऱ्यानं हलू नये म्हणून तीन बाजूंनी काठ्या बांधायच्या. हललेल्या फांदीची कोवळी मुळं तुटतात, आणि लोक म्हणतात 'आमच्यात वड लागत नाही'. मुळं धरेपर्यंत ती आतल्या साठ्यावर जगते, त्यामुळं पहिली पालवी फुटली म्हणून काठ्या काढायच्या नाहीत, दिवाळीपर्यंत राहू द्यायच्या. नांदरूक आणि पांगाराही असेच लागतात. जागा फक्त घरापासून, विहिरीपासून पन्नास-साठ फूट लांबची हवी.

आता मुळं. रोपवाटिकांवरचा आमचा मुख्य आक्षेप इथं आहे, आणि नेमकं इथंच कुणी बघत नाही. सगळे उंची बघतात. पाच बाय आठ इंचाच्या काळ्या पिशवीत चार फुटी जांभूळ उभं असलं की गिऱ्हाईक खूष. खरं म्हणजे ते रोप दोन वर्षं विकलं न गेलेलं आहे. खालचं सोटमूळ पिशवीच्या तळाला आपटून वळलंय आणि गोल गोल फिरत बसलंय. असं रोप जमिनीत लावल्यावर पहिली तीन-चार वर्षं छान वाढतं. मग खोड जाड व्हायला लागतं आणि तीच वेटोळी त्याला आवळतात, रस चढायचा थांबतो. नाहीतर मूळ खोल न गेल्यामुळं जुलैच्या वाऱ्यात झाड बुंध्यासकट आडवं होतं. लोक हुमणीला, वाळवीला, नशिबाला दोष देतात.

पारखायला दोन मिनिटं लागतात. जमिनीलगत खोडाची जाडी बघा. सेंटिमीटरमधल्या उंचीला मिलिमीटरमधल्या जाडीनं भागलं की उत्तर आठच्या खाली यायला हवं. म्हणजे साठ सेंटिमीटर, दोन फुटी रोप असेल तर बुडाशी आठ मिलिमीटर, साधारण पेन्सिलीएवढं. उत्तर दहाच्या वर गेलं तर ते रोप दाटीत, सावलीत नुसतं ताणलं गेलेलं आहे. मग पिशवी उचला. ती जमिनीला चिकटली असेल आणि उचलताना 'टर्र' असा आवाज आला तर खालून जमिनीत गेलेलं मूळ आत्ता तुटलं. असं रोप चार-पाच दिवसांत माना टाकतं. चांगली नर्सरी दीड-दोन महिन्यांनी पिशव्या हलवते, त्यामुळं मुळं बाहेर जात नाहीत. शेवटी, दहा रोपं घेणार असाल तर एक पिशवी समोर फाडून दाखवायला सांगा आणि त्या रोपाचे पैसे द्या. "मुळं बघायची असतात व्हय?" असा प्रश्न येतो, हसतात, पण दाखवतात. जिथं दाखवत नाहीत, तिथून दुसरीकडं चालायला लागावं.

पिशवीतली मातीही सांगते. तांबडी माती, वाळू आणि शेणखत असेल तर मुठीत दाबल्यावर गोळा होतो आणि बोट लावलं की फुटतो. शोभेच्या झाडांचा बराच माल आंध्रातल्या कडियमहून ट्रकनं येतो, आणि त्यांच्याबरोबर बकुळ, सोनचाफा, कदंबही येतात. त्यांच्या मुळाशी गोदावरीकाठच्या चिकणमातीचा गोळा असतो. तो आपल्या जांभ्या जमिनीत तसाच पुरला तर पाणी बाजूनं निघून जातं, गोळा आतून दगडासारखा कोरडा राहतो, आणि रोप भर पावसात वाळतं. असा माल घ्यावाच लागला तर पाण्याच्या बादलीत अर्धा तास बुडवून वरची, बाजूची माती हळूच मोकळी करून लावावा.

आता कौतुकाचं. या पट्ट्यात काही नर्सरीवाले स्वतः बी गोळा करतात, आणि त्यांचं काम वरच्या दर्जाचं आहे. ओळखायची खूण म्हणजे हिरडा. हिरड्याची बी महामुश्कील उगवते. गर काढायचा, बीच्या रुंद टोकाकडून कठीण कवच आतल्या गराला धक्का न लावता थोडं कापायचं, दीड दिवस पाण्यात भिजवायचं, आणि एवढं करूनही निम्म्यानं उगवली तरी आनंद. जिथं रांगेत हिरड्याची रोपं दिसतात तो माणूस आळशी नाही, त्याच्याकडून किंजळ, मत्ती, नाणा, बेहडा डोळे मिटून घ्यावा. त्याला एवढंच विचारा, "मामा, बी कुठलं?" गावच्या राईतलं, अमुक ओढ्यावरचं, असं ठिकाण सांगितलं तर उत्तम. दहा-बारा वेगवेगळ्या झाडांखालचं बी मिसळलेलं असेल तर अजून उत्तम, कारण एकाच झाडाच्या बियांपासून केलेली सगळी रोपं भावंडं असतात, आणि त्यांची पुढची पिढी कमजोर निघते. देवाच्या राईत कुऱ्हाड चालत नाही, त्यामुळं जुनी, पूर्ण वाढलेली, भरपूर बी धरणारी झाडं आता तिथंच उरली आहेत. राईतलं पडलेलं बी उचलायलाही देवाला विचारणारे नर्सरीवाले या भागात आहेत, आणि त्यांचा माल मुळासकट चांगला असतो.

जांभूळ, फणस, कोकम यांची बी वाळली की मेली. फळातून काढल्यावर आठ-पंधरा दिवसांत पिशवीत जायला हवी. खानापूरच्या बायका मे महिन्यात बुट्ट्या घेऊन बेळगावच्या बाजारात जांभळं आणतात, त्याच हंगामात बी टाकलं तर पुढच्या पावसाला हात-दीड हाताचं रोप लावायला तयार. म्हणून जांभळाचं रोप एक वर्षाचंच घ्यावं. दोन वर्षांचं स्वस्तात मिळालं तरी नको. जांभळाच्या एका बीतून दोन-तीन कोंब येतात. नर्सरीत ते तसेच ठेवलेले असले तर जोमदार एक ठेवून बाकीचे कात्रीनं कापायचे, उपटायचे नाहीत.

कोकमाच्या बाबतीत कलमाशिवाय दुसरं काही घेऊ नका. कोकमात नर झाड वेगळं, मादी वेगळी. बियांपासूनच्या रोपांत निम्मी नर निघतात आणि ते कळतं सहा-सात वर्षांनी, फूल आल्यावर. तोवर आमसुलाची वाट बघत बसायचं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या 'कोकण अमृता' आणि 'कोकण हातीस' या दोन जाती कलमात मिळतात, चौथ्या-पाचव्या वर्षी धरतात. दहा झाडांत एक नर ठेवायचा, सहा-सहा मीटरवर लावायची. पण एक बारकावा नर्सरीवालेही सांगत नाहीत. कलमाची काडी कोकमाच्या आडव्या फांदीवरून घेतली असेल तर कलमही आयुष्यभर आडवंच वाढतं, झुडूप होतं, शेंडा धरत नाही. शेंड्याच्या उभ्या फुटीवरून केलेलं कलम सरळ जातं. नर्सरीत रांगेकडं नजर टाकली की कळतं: वर जाणारी उचला, जमिनीकडं पसरलेली ठेवा. नारळ-सुपारीच्या बागेत मधल्या सावलीत कोकम छान येतं. पूर्वेला, अथणी-रायबागच्या उन्हात, नको.

फणसात कापा हवा असेल तर कलमच. कलमाचा जोड मातीपासून वीतभर वर, सांधा भरलेला आणि दोन्ही बाजूंची जाडी सारखी हवी. जोडाखालून फुटलेला कोंब बहुतेक वेळा जास्त जोमदार असतो, आणि अनुभवी माणूसही फसून तोच वाढवतो. मग कलम वाळतं आणि खालचा बरका फणस उरतो. असा कोंब दिसला की खुडा. जोडावरची प्लॅस्टिकची पट्टी नर्सरीवाले तशीच ठेवून देतात. ती लावल्यानंतर दोन-तीन महिन्यांत ब्लेडनं उभी चिरून काढायची. नाही काढली तर खोड वाढताना तिथं खाच पडते, आणि एखाद्या वादळात झाड नेमकं तिथंच मोडतं. नवीन जातींत हेसरघट्टा इथल्या बागायती संशोधन संस्थेनं पुढं आणलेला तुमकूरकडचा 'सिद्धू' फणस अधूनमधून दिसतो: गरे तांबूस, फळ अडीच किलोच्या आसपास, चार माणसांच्या घराला पुरेल एवढं. पण त्याच नावानं काहीही विकलं जातंय, त्यामुळं लेबल असलेलंच घ्यावं.

चंदनाबद्दल थोडक्यात. चंदन दुसऱ्या झाडाच्या मुळांवर थोडं अवलंबून राहतं. पिशवीत चंदनाबरोबर दुसरं एखादं रोप, निदान तुरीचं, नसेल तर ते पिवळं पडलेलं असतं. जमिनीतही शेजारी करंज किंवा सुरू लागतो. २००१ च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात स्वतःच्या जमिनीतलं चंदन मालकाचं झालं, पण तोडायला आणि विकायला वन खात्याची परवानगी लागतेच. 'बारा वर्षांत कोटी' असं सांगणाऱ्या नर्सरीत चंदनच काय, तुळससुद्धा घेऊ नये.

स्वस्तात हवं असेल तर वन खात्याच्या रोपवाटिका आहेत. पिशवीच्या मापाप्रमाणं सवलतीचा दर असतो, आणि कृषी अरण्य योजनेत नाव नोंदवलं तर जगलेल्या प्रत्येक रोपामागं तीन वर्षं प्रोत्साहनाचे पैसे मिळतात. उतारा, आधार, बँक पासबुक घेऊन वलय अरण्य अधिकाऱ्याच्या (म्हणजे वनक्षेत्रपालाच्या) कचेरीत मे महिन्यातच जावं, चालू दरही तिथंच कळतो. तिथं सागवान, सिल्व्हर ओक यांचा भर असतो, देशी मिश्र झाडं लागली तर आधी सांगून ठेवावी लागतात. पण रानातनं रोपं उपटून आणायच्या फंदात पडू नका. राखीव जंगलात तो गुन्हा आहे, आणि २०११ साली भीमगड अभयारण्य जाहीर झाल्यापासून जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला तपासणी कडक आहे. शिवाय उपटलेल्या रोपाचं सोटमूळ तुटतंच. दहात एखादंच जगतं.

लावण्याच्या बाबतीत नर्सरीवाले सगळ्यांना एकच सल्ला देतात: दोन बाय दोनचा खड्डा, शेणखत, लावून टाका. बेळगाव जिल्ह्याला एक सल्ला चालत नाही. मलप्रभा उगवते त्या कणकुंबीला पाऊस धो-धो आणि अथणीला ढग बघायचे. पश्चिमेला जांभ्या दगडाची जमीन. तिथं खड्डा एप्रिलमध्येच काढून तापू द्यायचा, पहारीनं तळाचा थर फोडायचा, नाहीतर जांभ्यात कोरलेला खड्डा म्हणजे टाकी, आणि त्यात साचलेल्या पाण्यात फणसाचा बुंधा कुजतो. भरताना माती जमिनीपेक्षा वीतभर उंच ठेवायची. दहा किलो कुजलेलं शेणखत, वाळवीसाठी पाव ते अर्धा किलो कडुलिंबाची पेंड. कच्चं शेण घातलं तर वाळवीला आमंत्रण. लावायची वेळ जूनचा दुसरा पंधरवडा. पूर्वेला काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि भेगा कोवळी मुळं तोडतात. तिथं आळ्यात चार बोटं जाडीचं उसाच्या पाल्याचं आच्छादन लागतं, आणि पावसाचा जोर सप्टेंबरात असल्यानं जुलैत लावून सप्टेंबरचा पाऊस पकडायचा. झाडंही तिथली: कडुलिंब, करंज, चिंच, बेल, शमी, आपटा. किंजळ आणि सुरंगी तिकडं नेऊन हौस भागते, झाड जगत नाही.

पिशवी दोन्ही बाजूंनी उभी चिरायची, ओढून काढायची नाही. तळाचा बोटभर थर पात्यानं सरळ कापून टाकायचा, म्हणजे वळलेल्या मुळाचं टोक जातं आणि नवीन मूळ खाली उतरतं. खोड जेवढं पिशवीत मातीखाली होतं तेवढंच जमिनीत. टेम्पोतून किंवा मोटारसायकलवरून नेताना ओलं पोतं गुंडाळा. चोर्ला घाटाच्या वळणावर तासभर वारा खाल्लेलं रोप घरी पोचेपर्यंत निम्मं मेलेलं असतं. आणल्यावर आठवडाभर झाडाच्या सावलीत ठेवून मग लावावं.

रोप पावसाळ्यात जगतं आणि फेब्रुवारीत मरतं. नर्सरीवाल्याच्या 'लागतंय झटक्यात' या हमीचा तिथं काही उपयोग नसतो. यावर या भागातला सगळ्यात चांगला उपाय नर्सरीत नाही, खानापूरच्या कुंभारवाड्यात मिळतो. पाच-सहा लिटरचं, बिनरंगाचं, कमी भाजलेलं मडकं खोडापासून फूटभरावर गळ्यापर्यंत पुरायचं, पाणी भरायचं आणि झाकण ठेवायचं, म्हणजे डास होत नाहीत. ते आठवड्याला भरलं की पुरतं. पाणी मातीतून झिरपतं, मुळं खाली मडक्याकडं वळतात, वर गवत माजत नाही. रंगवलेलं किंवा चांगलं खणखणीत भाजलेलं मडकं झिरपत नाही, ते घेऊ नये. फेब्रुवारीच्या आधी रोपाभोवती तीन फुटांचा गोल गवत काढून स्वच्छ ठेवायचा, वणवा तिथं येऊन थांबतो. शेळ्यांना करवंदीच्या काट्यांचं कुंपण पुरतं. गव्यांना पुरत नाही. जंगलालगत लावताना गव्यानं शेंडा खाल्ला तरी जांभूळ, किंजळ बुडातून परत फुटतात, म्हणून अशा बांधावर तीच लावावीत.

दराबद्दल तक्रार आहे. बहुतेक ठिकाणी पाटी नाही, गिऱ्हाईकाच्या गाडीकडं बघून भाव सांगितला जातो. कलमाला बियांच्या रोपाच्या तिप्पट मागितले तर ते ठीक, त्यात हातची मेहनत आहे. पण नुसत्या उंचीला जास्त पैसे मागत असतील तर देऊ नका, लहान रोपच मागा. पंचवीसच्या वर घेतली तर मेलेली रोपं बदलून देतात का ते विचारावं. चांगले लोक दहा टक्के रोपं जादा देतात आणि बदलायची भानगड ठेवत नाहीत, तेच बरं पडतं.

कमिटीचं, शाळेचं किंवा सार्वजनिक काम असेल तर मे महिन्यात आधी बोली करा, निम्मे पैसे द्या. जूनमध्ये आयत्या वेळी गेलात तर उरलेलाच माल मिळतो. पावतीवर नुसतं 'जंगली ५०' असं लिहून देतात, ते घेऊ नका. प्रत्येक जातीचं नाव आणि रोपाचं वय लिहून घ्या, आणि आपटा, शमी, अशोक असेल तर एकेक पान पावतीला टाचून ठेवा.